सरासरी आणि शुद्धिपत्र

आळंदीच्या देहूफाट्यावर झेरॉक्सची जी चार-दोन दुकाने आहेत, त्यांतील एकाच यंत्रातून दोन अगदी निराळ्या प्रकारचे कागद बाहेर पडत असतात: एकीकडे सप्ताहाची पत्रके, पारायणाला बसणाऱ्यांच्या याद्या आणि धर्मशाळांची पावतीपुस्तके, आणि दुसरीकडे आसपासच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्या मुलांच्या गुणपत्रकांच्या नकला. गतवर्षी कार्तिकीच्या आधी काही दिवस हरिपाठाची मोठ्या अक्षरांतील प्रत काढून घेण्यासाठी मी तेथे थांबलो असता माझ्या पुढे आमच्याच माडीवर भाड्याने राहणारा एक मुलगा उभा होता. दुकानदार त्याची आठ सत्रांची आठ पत्रके काचेवर एकामागून एक पालथी घालीत होता, आणि यंत्राचा तो हिरवट उजेड सरकू लागला की मुलगा दर वेळी मान रस्त्याकडे वळवीत होता. आपलेच नाव वर छापलेला कागद उजेडात आला की ज्याला दुसरीकडे पाहावेसे वाटते, त्याच्या मनात काहीतरी सलत असले पाहिजे, एवढे ओळखण्यास फार मोठे मानसशास्त्र लागत नाही.

घरी परतताना त्याने आपण होऊन विषय काढला. “काका, सिक्स पॉइंट टू आहे. क्रायटेरियातच बसत नाही.”

त्याला जावयाचे होते ते गुंतवणूक बँकेत. हे नाव मोठे फसवे आहे, कारण या बँकेत कोणी बचतखाते उघडत नाही की पासबुक भरून घेण्यासाठी रांग लावीत नाही. कारखान्याला भांडवल उभारावयाचे असेल, एका कंपनीला दुसरी विकत घ्यावयाची असेल, भागविक्रीचे माहितीपत्रक तयार करून सेबीकडे रुजू करावयाचे असेल, तर त्या व्यवहाराची किंमत ठरविणारा, कागद जुळविणारा आणि दोन्ही बाजूंना एका टेबलाशी आणून बसविणारा जो मध्यस्थ, तो हा. सेबीच्या १९९२च्या नियमावलीत त्याला ‘मर्चंट बँकर’ म्हटले आहे. मुंबईत नरिमन पॉइंट किंवा वांद्रे-कुर्ला संकुलात बसून हे लोक करोडोंचे व्यवहार घडवितात, त्यांचे पगार ऐकून आमच्यासारख्यांचे डोळे पांढरे होतात, आणि रात्रीचे दोन वाजेपर्यंत कचेरीत बसणे ही तेथे तक्रारीची नव्हे तर प्रतिष्ठेची गोष्ट मानली जाते असे म्हणतात. पुण्यातही परदेशी गुंतवणूक बँकांच्या मोठाल्या कचेऱ्या आहेत, पण मी भाबडेपणाने “मग इथेच का नाही?” असे विचारले तेव्हा तो किंचित हसला. “ते बॅक ऑफिस, काका. मला फ्रंटला जायचंय.”

फ्रंटच्या दाराशी मात्र पहारा आहे, आणि तो पहारा आकड्यांचा आहे. अमेरिकेत चारांपैकी साडेतीन ही अलिखित रेघ मानतात. आपल्याकडे अशी रेघ एकच नसून अशा तीन रेघा आहेत. दहावीचे गुण, बारावीचे गुण आणि पदवीचा सीजीपीए हे तिन्ही विचारले जातात. बऱ्याच ठिकाणी ‘साठ टक्के थ्रूआउट’ हा किमान दंडक असतो, आणि गुंतवणूक बँकेसारख्या जागी तो कितीतरी वर चढलेला असतो. पुढे व्यवस्थापनशास्त्राची पदवी घेऊन हा डाग धुवावा म्हटले, तर नामांकित संस्थाही मुलाखतीची यादी करताना दहावी-बारावीच्या गुणांना भार देतात. म्हणजे पंधराव्या-सोळाव्या वर्षी लिहिलेल्या उत्तरपत्रिका चोविसाव्या वर्षी पुन्हा साक्षीला उभ्या राहतात. पण मला सर्वांत अधिक गुंतवून टाकले ते अर्जातील एका रकान्याने. ‘बॅक किती? लाइव्ह की डेड?’ राहिलेला विषय अजून सुटलेला नसेल तर ती लाइव्ह बॅक. पुढे बसून सोडविला असेल तर डेड. मुलाच्या तीन बॅक होत्या आणि तिन्ही डेड होत्या. मेलेल्याची गणती अर्जात कशासाठी, हा माझा प्रश्न त्याला विनोदी वाटला. मला मात्र तो धर्मशास्त्रातील एक अत्यंत जुना आणि अत्यंत गंभीर प्रश्न वाटला, आणि आळंदीत राहणाऱ्या मनुष्याला तो तसा वाटावा यात नवल नाही.

कारण या गावाची सारी कीर्ती ज्या चार मुलांवर उभी आहे, त्यांच्या आयुष्यातील पहिला मोठा प्रसंग म्हणजे एका दाखल्याची मागणी होय. विठ्ठलपंतांनी पत्नीची खरी संमती न घेता काशीत संन्यास घेतला, गुरूच्या आज्ञेने ते पुन्हा गृहस्थाश्रमात आले, आणि त्यानंतर झालेली निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान व मुक्ताई ही मुले ‘संन्याशाची पोरे’ म्हणून वाळीत पडली. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले. तरीही मुंजीचा अधिकार मिळेना. पैठणच्या ब्रह्मवृंदाचे शुद्धिपत्र आणा, मग पाहू, असा आळंदीकरांचा निर्णय पडला. यातील दैवदुर्विलास असा की परंपरेप्रमाणे विठ्ठलपंतांचे घराणे आपेगावचे कुलकर्णी आणि आजोळचे सिधोपंत हे आळंदीचे कुलकर्णी; म्हणजे दोन्हीकडून ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गावाचे दप्तर राखले, त्यांच्याच नातवंडांवर एका कागदासाठी गोदातीरापर्यंत पायपीट करण्याची पाळी आली.

येथे मला स्वतःलाच एक अटकाव करून ठेवला पाहिजे. ज्ञानदेवांच्या वाट्याला आलेला छळ आणि एका सुखवस्तू म्हणता येईल अशा तरुणाचे हुकलेले पद यांना एका तराजूत घालणे हा अविवेक होईल. ज्ञानदेवांच्या माथी बसलेला डाग त्यांनी केलेल्या कर्माचा नव्हता, तो जन्माआधीचा होता. मुलाचे गुण त्याने स्वतः मिळविलेले, किंवा न मिळविलेले, होते. शिवाय एकाला मुंज नाकारली गेली ती समाजात जगण्याचा हक्क नाकारण्याजोगी होती, आणि दुसऱ्याला नाकारले जात होते ते फार तर मुंबईतील एक खुर्ची व तिच्यासोबतचा निद्रानाश. तुलना प्रसंगांची नव्हेच. तुलना आहे ती प्रश्नाची: पूर्वी घडलेल्याचा लेख मनुष्याला कुठवर बांधतो, आणि तो लेख पुसण्याचा अधिकार कोणाचा?

नामदेवांच्या नावे चालत आलेल्या ‘आदि’ या प्रकरणात, पैठणास जावे की न जावे यावर भावंडांचा संवाद आहे, आणि माझ्या मते या विषयावर त्याहून नेमका विचार अन्यत्र क्वचितच सापडेल. निवृत्तीचे म्हणणे असे की जे स्वरूपतः वर्णाच्या आणि कुळाच्या पलीकडले आहे, त्याला कागदाने शुद्ध करणार कोण? सोपानाचे म्हणणे असे की भक्ती असली म्हणजे पुरे. थोर ऋषींची जन्मकथा चाळून पाहिली तर कोणाचे कुळ निष्कलंक निघते? आणि ज्ञानदेवांचे म्हणणे, जे आजच्या वाचकाला सर्वांत अनपेक्षित वाटेल, ते असे की आपण कितीही मोठे झालो तरी विधीचे उल्लंघन करू नये. शास्त्राने सांगितलेली वाट चालावी, लोकांपुढे चुकीचा कित्ता ठेवू नये. पुढे जगाला नवा अधिकार देणारा हा पुरुष येथे दाखल्याच्या बाजूने बोलतो! मला वाटते, बंडखोर म्हणून त्यांचे चित्र रंगविणाऱ्यांनी आणि सनातनी म्हणून त्यांना आपल्या पंगतीला बसविणाऱ्यांनी, दोघांनीही, या जागी थोडे थांबावयास हवे.

भावंडे गेली. पैठणला जे घडले त्याच्या कथा, रेड्यामुखी वेदांसह, सर्वश्रुत आहेत. निर्णय मात्र कथेइतका प्रसिद्ध नाही. परंपरा सांगते की अशा मुलांसाठी शास्त्रात प्रायश्चित्तच सांगितलेले नाही, तेव्हा अनन्य भक्ती करावी, सर्व भूतांना समभावाने वंदावे आणि ब्रह्मचर्याने राहावे, असे ब्राह्मणांनी ठरविले. शुद्धिपत्र म्हणून जो लेख दाखविला जातो त्यावर शके १२०९, म्हणजे इ. स. १२८७, असा काल आहे व तो बोपदेवाच्या नावावर सांगतात. त्याच्या अस्सलपणाविषयी अभ्यासकांत वाद आहे, आणि त्या वादात शिरण्याचे येथे कारण नाही. मला कुतूहल वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. कागद मिळाल्यावर आळंदीत मुंजीचा मांडव पडल्याचे कोणी सांगत नाही. एवढ्या सायासाने आणलेला दाखला पुढे कोणत्या कचेरीत रुजू झाला, याची वार्ताच नाही.

धर्मशास्त्रकारांनी या कोड्याचा जो उलगडा केला आहे तो मला, प्रांजळपणे सांगतो, कित्येक आधुनिक नीतिशास्त्रज्ञांच्या विवेचनापेक्षा अधिक व्यवहारी वाटतो. याज्ञवल्क्यस्मृती सांगते की नकळत घडलेले पाप प्रायश्चित्ताने जाते. जाणूनबुजून केलेल्या पापाचा कर्ता मात्र प्रायश्चित्तानंतर केवळ ‘व्यवहार्य’ होतो, म्हणजे त्याच्याशी रोटीबेटीचा, देण्याघेण्याचा व्यवहार करावयास लोक मोकळे होतात. चालुक्यराजा सहाव्या विक्रमादित्याच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, बसून ज्याने या स्मृतीवर ‘मिताक्षरा’ लिहिली त्या विज्ञानेश्वराने हा मुद्दा आणखी उकलला: पापाच्या शक्ती दोन, एक नरकाला नेणारी, दुसरी व्यवहार अडविणारी. एक शमली म्हणजे दुसरी शमतेच असे नाही. यातील मौज अशी की संधीमुळे त्या वचनात एक अवग्रह मानावा की न मानावा एवढ्यावर अर्थ पालटतो. अवग्रह मानला की तोच मनुष्य ‘अव्यवहार्य’ ठरतो, पाप गेले तरी दार बंदच! महामहोपाध्याय पां. वा. काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा जो चौथा खंड १९५३ साली प्रसिद्ध झाला, त्यात पातके आणि प्रायश्चित्ते यांचा हा सारा अफाट पसारा मांडलेला आहे, आणि तो वाचताना माझ्या डोळ्यांपुढे वारंवार अर्जातील तो रकाना येई. डेड बॅक म्हणजे दुसरे काय? विद्यापीठाने पहिली शक्ती नष्ट झाल्याचे जाहीर केले, पदवी दिली; दुसरी शक्ती, व्यवहार अडविणारी, कंपनीच्या दाराशी अजून जिवंत आहे.

हे सारे मी मुलाला सांगितले, अर्थात इतक्या पाल्हाळाने नव्हे. तो हुशार आहे. त्याने बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवले. “म्हणजे मुद्दाम केलंय की नकळत, यावर आहे सगळं?” मी म्हटले, पुष्कळसे. मग मी सहज विचारले, कारण त्याने आजवर भरलेल्या अर्जांत विषय राहण्याचे कारण ‘वैद्यकीय’ असे दिले आहे हे त्याच्याच बोलण्यात आले होते: तुला डेंग्यू झाला होता तो कधी? “तिसऱ्या सेमला.” आणि विषय राहिले ते? थोडा वेळ तो काही बोलला नाही. “चौथ्या.” चौथ्या सत्रात महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन होते आणि त्याचा तो मंडपापासून ध्वनिक्षेपकापर्यंत सर्वाधिकारी होता, ही माहिती मग यथावकाश आली. मनूने पाप जाण्याचे जे उपाय सांगितले आहेत त्यांत तप, अध्ययन यांच्या बरोबरीने पहिला उपाय ‘ख्यापन’ हा आहे; म्हणजे केलेले उघड बोलून दाखविणे.

पण सारा दोष त्याच्या पदरात टाकून मोकळे होणेही बरे नव्हे, कारण आकड्यातच एक खोट आहे, आणि ती तत्त्वज्ञानाची आहे. मुलाची गुणपत्रके मी माडीवरच्या त्याच्या खाटेवर ओळीने मांडून पाहिली. पहिल्या सहा सत्रांची सरासरी ५.६, शेवटच्या दोन सत्रांत दोन्ही वेळा ८. सर्व सत्रांचे श्रेयांक सारखे धरले तर बेरीज ४९.६ आणि भागाकार ६.२. आता हेच आकडे उलट्या क्रमाने घ्या: आरंभी दोन सत्रे ८ मिळवून पुढे तीन वर्षे ५.६वर घसरलेला दुसरा मुलगा कल्पा. त्याचाही भागाकार ६.२च येतो. एक जण चढणीवर आहे आणि दुसरा उतरणीला लागला आहे, पण सरासरीला दोघे जुळे भाऊ दिसतात. सरासरीला स्मरण अफाट आहे, केलेली एकही चूक ती विसरत नाही, पण कोणती चूक आधी झाली आणि कोणती नंतर याची तिला गंधवार्ता नसते. मनुष्याचे आयुष्य काळातून चालते. सरासरी काळाच्या बाहेर उभी राहून त्याचा पंचनामा करते.

धर्माने याच्या अगदी उलट हिशेब मांडला, आणि तो गीतेच्या नवव्या अध्यायात आहे. दुराचारी असला तरी ज्याचा निश्चय आता नीट झाला त्याला साधूच मानावे, असे भगवंत सांगतात. यावर ज्ञानदेवांनी जो दृष्टांत दिला आहे तो नदीकाठी वाढलेल्या मनुष्यालाच सुचावा असा आहे. महापुरात बुडालेला कोणी न मरता बाहेर आला, तर त्याचा जीव अलीकडच्या थडीला लागला एवढ्यानेच त्याचे बुडणे वाया गेले; तसे शेवटी जडलेल्या भक्तीने आधीचे पाप उरत नाही. शब्द लक्षपूर्वक पाहा: तो बुडालाच नव्हता असे ज्ञानदेव म्हणत नाहीत. पूर खरा, गटांगळ्या खऱ्या, नाकातोंडात गेलेले पाणीही खरे; फक्त बुडण्याला जे फळ यावयाचे ते आले नाही. ज्ञानेश्वरी नेवाशास सांगितली गेली ती शके १२१२, इ. स. १२९० साली. परंपरेचा काल मानला तर शुद्धिपत्राला जेमतेम तीन वर्षे झाली होती. या ओव्या रचताना पैठणचा तो कागद त्यांच्या आठवणीत असेल काय? पुरावा नाही, पण तो आठवणीत असावा असे मला वाटते.

तरीही वेदान्ताने सर्व हिशेब माफ केला असे समजण्याचे कारण नाही. संचित ज्ञानाने जळते, पुढले कर्म चिकटत नाही, पण ज्याने फळ द्यावयास प्रारंभ केला आहे ते प्रारब्ध भोगूनच संपते. सुटलेला बाण आणि एकदा फिरविलेले कुंभाराचे चाक हे त्याचे ठरलेले दृष्टांत. सीजीपीए हे प्रारब्ध होय. पदवी हातात पडल्यावर त्यातील एक दशांशही कोणाला हलविता यावयाचा नाही, आणि दाराशी बसलेल्या मनुष्यावर रागावूनही उपयोग नाही. त्याच्या बाजूने विचार करा. जागा दहा, अर्ज हजारोंनी. प्रत्येकाला बोलावून तुझ्या चौथ्या सत्रात काय झाले रे बाबा, असे विचारण्यास त्याला सवड कोठून यावी? शिवाय ज्या धंद्यात मूल्यांकनाच्या तक्त्यातील एक शून्य चुकले तर करोडोंचा फरक पडतो, तेथे कंटाळवाण्या विषयाचाही अभ्यास नेमाने करणारा मनुष्य हवा असणे गैर नाही, आणि गुण हे त्या नेमाचे अपुरे का होईना पण चिन्ह आहे. मंडप उभारण्यात रमणारा मुलगा मला अधिक आवडतो. पण माझ्या आवडीनिवडीवर भागविक्री चालत नाही.

माझी तक्रार निराळी आहे, आणि ती या धंद्याच्या स्वतःशीच असलेल्या विसंगतीबद्दल आहे. म्युच्युअल फंडाच्या कामगिरी मिरविणाऱ्या प्रत्येक जाहिरातीखाली पूर्वीची कामगिरी पुढील परताव्याची हमी नव्हे अशा अर्थाचे वाक्य कायद्याने छापावे लागते. कंपनीची किंमत काढताना हे लोक ती पुढे किती पैसा मिळवील याचा अंदाज करून तो आजच्या मूल्यात उतरवितात; मागचा ताळेबंद पाहतात तो पुढचा अदमास घेण्यासाठी. आणि मागचा ताळेबंद वाईट असलेल्या कंपनीसाठी सेबीने दुसरे दारही ठेवले आहे. लगतच्या तीन वर्षांत व्यवहारातील नफा सरासरी १५ कोटी असावा, हा भागविक्रीचा एक राजमार्ग (सरासरी येथेही आहेच, पण तिन्ही वर्षी नफा असला पाहिजे असेही सोबत म्हटले आहे); तो साधत नसेल तर कंपनीला मज्जाव नाही, मात्र विक्रीचा किमान ७५ टक्के हिस्सा पारखी संस्थात्मक खरेदीदारांनी घेतला पाहिजे, नाही तर पैसे परत. याचा अर्थ असा की आकडा कमी पडला तर जाणत्यांनी जामीन राहावे. लहान कंपन्यांसाठी २०१२ साली मुंबई शेअर बाजाराने आणि राष्ट्रीय शेअर बाजाराने जे स्वतंत्र मंच उघडले, त्यांत तर आणखी एक शहाणपणाची अट आहे: विक्रीची जबाबदारी घेणाऱ्या मर्चंट बँकरने १५ टक्क्यांची हमी स्वतःच्या खात्यातून द्यावयाची. शिफारस करणाराने काही भार स्वतःच्या अंगावर घ्यावा. भोसरी-चाकणच्या एखाद्या सुट्या भागांच्या कारखान्याला जी सवलत आहे, ती तेथल्या कामगाराच्या मुलाला नसावी काय?

प्रत्यक्षात ती अगदीच नाही असे नाही, फक्त ती कोठे लिहून ठेवलेली नाही. कमी गुणांचे जे काही थोडे लोक आत जातात ते याच आडदाराने जातात. कोणी सनदी लेखापाल होऊन, कोणी पतमापन संस्थेत दोन-तीन वर्षे ताळेबंद वाचून, कोणी लहान मर्चंट बँकरकडे बिनपगारी उमेदवारी करून. आणि दर वेळी कोणीतरी ज्येष्ठ मनुष्य “याचे काम मी पाहिले आहे” असे म्हणतो तेव्हा. आमच्या माडीवरच्या मुलाने वित्तविश्लेषकांच्या सीएफए परीक्षेची पहिली पातळी पार केली आहे. तीन पातळ्यांच्या या परीक्षेला बसू देताना महाविद्यालयातील गुण विचारीत नाहीत. हे त्याचे पैठण. तेथला दाखला मिळाला म्हणून येथला रकाना पुसला जाईल असे मात्र नाही, आणि हे त्याला मी स्पष्ट सांगितले.

लेख पुसण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाचे एक उत्तर आमच्या शेजारच्या देहूने देऊन ठेवले आहे. तुकोबांचे घराणे महाजनकीचे. दुकान, देवघेव, लोकांकडे थकलेली खते. १६३०च्या सुमाराचा दुष्काळ पडला, दिवाळे निघाले, आणि पुढे वैराग्य आल्यावर भावाचा अर्धा वाटा त्याला देऊन आपल्या वाट्याची खते त्यांनी इंद्रायणीत सोडली, असे चरित्रकार सांगतात. खते बुडविली ती धनकोने. ऋणकोने बुडविली असती तर ती लबाडी झाली असती. ज्याच्या हातात कागद आहे त्यानेच तो सोडावा लागतो. त्याच तुकोबांच्या वह्या अनधिकाराचे कारण सांगून त्याच नदीत बुडवावयास लावल्या गेल्या, आणि ज्या रामेश्वर भटांनी तो आग्रह धरला त्यांना पुढे अंगाचा दाह शमविण्यासाठी याच आळंदीत येऊन अनुष्ठानास बसावे लागले, अशी कथा आहे. नंतर ते तुकोबांचे शिष्य झाले. अधिकार तपासणाराचीही कधी तपासणी होते, एवढे त्यातून घ्यावे. नदीचे म्हणाल तर कारखान्यांच्या आणि शहराच्या सांडपाण्याने आज तिच्यावर कित्येकदा फेसाचे डोंगर तरंगतात. शुद्धिपत्र आता तिलाच हवे आहे.

कार्तिक वद्य त्रयोदशीला, समाधीच्या दिवशी, गावात पाय ठेवावयास जागा नव्हती. दुपारी गर्दी चुकवून मी माडीवर गेलो तेव्हा मुलगा संगणकापुढे बसला होता. मुंबईतील एका लहानशा मर्चंट बँकरचा अर्ज होता. लहान कंपन्यांच्या भागविक्रीचे काम करणारे ते लोक, आणि सहा महिन्यांची उमेदवारी. दहावी, बारावी, पदवी हे रकाने भरून झाले होते. बॅकच्या रकान्यात त्याने ३ लिहिले, डेड निवडले. खालच्या चौकटीत कारण विचारले होते आणि तेथे, मागच्या अर्जांतून आपोआप आलेला, ‘वैद्यकीय’ हा शब्द तयारच होता.

“पैठणच्या त्या पत्राचं पुढे काय झालं, काका? मुंज झाली का त्यांची?”

“झाल्याचं कुठे वाचलेलं नाही मी.”

तो पुन्हा पडद्याकडे वळला. खालून एक दिंडी चालली होती. टाळांच्या ठेक्याने खिडकीचे गज हलके थरथरत होते. त्याने कळ दाबून धरली आणि शब्द उजवीकडून एकेक अक्षराने खाल्ला गेला. चौकट रिकामी झाली. तिच्या कोपऱ्यात अक्षरांची मर्यादा बारीक टायपात दिली होती, २५०. आणि स्नेहसंमेलनाला मराठीत ठीक आहे, पण इंग्रजीत नेमके काय म्हणावे, असे तो मला विचारू लागला.